बारा नंबरची ट्राम

मंदाकिनीबाईंनी एकतीस वर्षं कराडच्या एसटी आगारात नोकरी केली, आणि त्यातली अठरा वर्षं चौकशीच्या खिडकीमागे काढली. कोल्हापूरची विनाथांबा किती वाजता, पाटणची शेवटची गाडी गेली का, कुंभार्ली घाट चालू आहे की बंद, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. खिडकीपुढचा माणूस कितीही घायकुतीला आलेला असो, बाईंचा आवाज कधी चढला नाही. लग्नाचं वऱ्हाड चुकलेल्यांनाही त्यांनी वाटेला लावलं होतं.

यजमान गेल्यावर मुलाने, संग्रामने, त्यांना न्यूझीलंडला पामर्स्टन नॉर्थला नेलं. तो तिथे दुधावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत कॉम्प्युटरचं काम बघतो, सून स्वप्ना हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे आणि नात वल्लरी नऊ वर्षांची. घर चांगलं, माणसं चांगली. अडचण एकच होती. तिथे घराबाहेर पडायचं तर कुणीतरी गाडीची किल्ली उचलावी लागे. देवळात जायचं, शनिवारी. भाजी आणायची, स्वप्ना आणते. डॉक्टर, संग्राम रजा काढतो. बस होती, पण ती कोपऱ्यावरून कधी जाते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी कधी तिच्यात बसलंच नव्हतं. एकदा बाईंनी विषय काढला तेव्हा संग्राम म्हणाला, "कशाला आई? मी आहे ना." त्याच्या म्हणण्यात प्रेमच होतं, त्यामुळे बाईंनी विषय तिथेच सोडला.

दोन वर्षं अशी गेली. मग जुलैच्या शाळेच्या सुट्टीत संग्रामने सगळ्यांना युरोपात क्रूझवर न्यायचं ठरवलं. कोपनहेगनहून जहाज सुटणार, नॉर्वेची बंदरं करून परत येणार. व्हिसाच्या कागदांचा ढीग झाला, बाईंनी दोन पंजाबी ड्रेस आणि चालायचे बूट घेतले, आणि सगळे निघाले.

ऑस्लोच्या धक्क्याला जहाज लागलं त्या सकाळी संग्राम, स्वप्ना आणि वल्लरी डोंगरावरचा, स्कीवरून उड्या मारायचा उंच मनोरा बघायला जाणार होते. तिथे पायऱ्या फार. बाईंचे गुडघे सगळ्यांना ठाऊक होते.

"तू आराम कर, आई," संग्राम म्हणाला. "अडीच-तीनपर्यंत येतोच आम्ही. जेवण वरच्या मजल्यावर आहे."

"आजी, आय विल टेक हीप्स ऑफ फोटोज फॉर यू," वल्लरी म्हणाली.

ते गेल्यावर बाई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. समोर जुन्या किल्ल्याची भिंत, तिच्यापलीकडे गाव. ऊन पडलं होतं. लोक जहाजावरून उतरून पायी पायीच गावात शिरत होते, त्यात त्यांच्यापेक्षा म्हातारेही होते. बाई अर्धा तास ते बघत राहिल्या. मग त्यांनी उठून कागदावर लिहिलं, "गावात जाऊन येते. साडेचारला जहाज सुटायच्या आत परत. आई." कागद टेबलावर पाण्याच्या बाटलीखाली ठेवला. थंडी वाजेल म्हणून संग्रामचं जुनं जाकीट अंगात घातलं, जहाजाचं कार्ड गळ्यात अडकवलं आणि खाली उतरल्या. दारावरच्या माणसाने कार्ड लावलं, यंत्र वाजलं. कुणी काही विचारलं नाही. एवढं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

किल्ल्याच्या कडेकडेने चालत त्या पंधरा मिनिटांत विटांच्या दोन बुरुजांच्या नगरपालिकेपाशी आल्या. तिथल्या दुकानातल्या मुलीने दिवसभराचं तिकीट दिलं आणि वर शहराचा नकाशा हातात ठेवला. पुढे ट्रामचा थांबा होता. थांब्यावर वेळापत्रकाचा तक्ता लावलेला होता. भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण वेळापत्रक वाचायला भाषा लागते कुठे? डावीकडे तास, उजवीकडे मिनिटं, खाली थांब्यांची रांग, शेवटी मुक्कामाचं ठिकाण. बाईंनी बोट फिरवत सगळा तक्ता वाचला. बारा नंबर, दर दहा मिनिटांनी. तक्त्यात लिहिलेल्या मिनिटाला ट्राम वळणावर दिसली, तेव्हा त्यांना मनापासून बरं वाटलं.

पुतळ्यांच्या मोठ्या बागेपाशी त्या उतरल्या. बाग सुंदर होती, पण पुतळे सगळे नागडे. पहिली पाच मिनिटं बाईंनी नजर झाडांवर ठेवली. मग सवय झाली आणि त्या नीट बघू लागल्या. उंचावर दगडात माणसंच माणसं कोरली होती. लहान पोरं, आया, आणि म्हातारी माणसंसुद्धा, ओघळलेल्या कातडीसकट. कारागिराने काही लपवलं नव्हतं आणि कुणाची टिंगलही केली नव्हती. बाई तिथल्या पायरीवर टेकल्या.

"किया ओरा," शेजारून कुणीतरी न्यूझीलंडचा माओरी नमस्कार केला.

पांढऱ्या आखूड केसांची एक उंच गोरी बाई होती. गळ्यात त्याच जहाजाचं कार्ड. तिने मंदाकिनीबाईंच्या जाकिटाकडे बोट केलं. त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरात 'मानावाटू' लिहिलं होतं, पामर्स्टन नॉर्थच्या परगण्याचं नाव. "मी डॅनिवर्कची," ती म्हणाली. "तुमच्यापासून तासाभरावर. अक्षरं एवढी मोठी होती म्हणून मला वाचता आली."

तिचं नाव ग्लेनिस. वय अठ्ठ्याहत्तर. तिचे खापरपणजोबा दीडशे वर्षांपूर्वी इथून निघून न्यूझीलंडला जंगल तोडायला गेलेले, म्हणून एकदा हा देश बघायचा होता. नवरा वारला, आणि दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग, कडेचं तेवढं दिसे.

"लायसन काढून घेतलं माझं," ग्लेनिस म्हणाली. "पन्नास वर्षं गाडी चालवली. मुलगी म्हणते, मॉम, फोन कर, मी येते. ती येतेही. पण दर वेळी फोन करायचा म्हणजे..."

"विचारावं लागतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"हो. विचारावं लागतं."

बाईंचं इंग्रजी कामापुरतं होतं, पण त्या दिवशी ते पुरलं. दोघींनी बाकावर बसून ग्लेनिसच्या पिशवीतली जहाजावरची सँडविचेस खाल्ली. ग्लेनिस येताना टॅक्सीने आली होती. जाताना दोघींनी मिळून ट्रामने जायचं ठरलं.

पावणेतीनला त्या थांब्यावर आल्या तर तिथे गर्दी. फलकावर लाल अक्षरं सरकत होती. रुळांवर लांबवर एक मालट्रक आडवा बंद पडला होता आणि त्याच्यामागे दोन ट्रामा मुकाट उभ्या होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. टॅक्सी एकही रिकामी नव्हती. ग्लेनिसचा चेहरा उतरला.

"जहाज थांबत नाही हो कुणासाठी," ती म्हणाली. "माझी औषधं सगळी खोलीत आहेत."

मंदाकिनीबाईंनी नकाशा उघडला. घाटात दरड कोसळली की खिडकीपुढे दोनशे माणसं उभी राहत, तेव्हा त्या एकच गोष्ट करत. बंद रस्ता कधी सुरू होईल याचा विचार सोडून द्यायचा आणि चालू रस्ते मोजायचे. इथे ट्रामच्या रेघेचं शेवटचं टोक जवळच होतं, आणि त्या टोकाला जमिनीखालच्या रेल्वेच्या बऱ्याच रेघा एकत्र येत होत्या. सगळ्या गावाच्या मध्यावर जाणाऱ्या. म्हणजे ते जंक्शन. थांब्यावरची गावातली माणसंही त्याच दिशेने चालू लागली होती.

"ग्लेनिस, जहाज त्या बाजूला आहे," बाई म्हणाल्या, "पण आपण उलट्या बाजूला चालायचं. एक स्टेशन आहे. तिथून गाडी."

"नक्की?"

"नक्की."

खरं तर नक्की नव्हतं. पण खिडकीमागून 'बहुतेक' म्हटलं की माणूस जास्त घाबरतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

धडधाकट माणसाला दहा मिनिटांचा रस्ता. दोघींना अर्धा तास लागला. ग्लेनिसला फुटपाथची कड दिसत नसे, म्हणून ती बाईंचा दंड धरून चालत होती, आणि बाईंचे गुडघे प्रत्येक उतरणीला बोंब मारत होते. मध्ये दोनदा थांबल्या. एकदा ग्लेनिस म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. मी येते हळूहळू." बाईंनी तिचा हात आपल्या दंडावर पुन्हा नीट बसवला.

स्टेशन सापडलं. गाडी तीन मिनिटांत आली आणि पुढच्याच थांब्याला त्या उतरल्या. मग पुन्हा चालणं, नगरपालिकेवरून, पाण्याच्या कडेने. किल्ल्यामागून जहाजाची चिमणी दिसली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

जिन्याच्या तोंडाशी संग्राम उभा होता. चेहरा लाल. त्याने अडीचला कागद वाचला होता आणि तेव्हापासून तो तिथेच येरझारा घालत होता.

"आई, तू असं कसं करू शकतेस? फोन पण नेला नाहीस."

"त्यात इथलं नेटवर्क कुठे होतं? लिहून ठेवलं होतं की."

"लिहून! तुला काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर झालं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "संग्राम, ह्या ग्लेनिस. आपल्या डॅनिवर्कच्या. ह्यांना आधी बसू दे."

खोलीत आल्यावर स्वप्नाने गुडघ्यांना बर्फ लावला. संग्राम गॅलरीच्या दाराशी पाठ करून उभा होता. बाईच बोलल्या.

"तुम्ही मला सगळीकडे नेता. कुठे कमी करत नाही. पण दोन वर्षांत मी एकदाही कुठे गेले नाही रे. नेलं जाणं वेगळं आणि जाणं वेगळं."

संग्राम दारापासून येऊन पलंगाच्या कडेला बसला. स्वप्ना म्हणाली, "आई, हे आधी का नाही सांगितलंत?" बाईंनी बर्फाची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली. पुढचे दोन दिवस गुडघे इतके सुजले की बाई खोलीतून हलल्या नाहीत, आणि पुढची दोन बंदरं त्यांनी गॅलरीतूनच पाहिली. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

पामर्स्टन नॉर्थला परतल्यावर पहिल्या आठवड्यात संग्रामने बसचं कार्ड आणून दिलं. चहाच्या कपाशेजारी ठेवलं. पहिल्या महिन्यात बाई दोनदा भलत्याच बाजूच्या बसमध्ये चढल्या, एकदा पावसात पाऊण तास थांब्यावर उभ्या राहिल्या. संग्रामने न्यायला येऊ का म्हणून फोन केला, त्यांनी नको म्हटलं. आता त्या सोमवारी लायब्ररीत जातात, बुधवारी भाजी आणतात. स्वप्नाला आवडतात ती वांगी मात्र त्यांना अजून नीट निवडता येत नाहीत, असं स्वप्नाचं मत आहे.

ग्लेनिसला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात यावं लागतं. स्वयंसेवकांची व्हॅन तिला आणून सोडते आणि दुपारी परत नेते. मंदाकिनीबाई सकाळच्या बसने तिथे जातात. इंजेक्शननंतर तासभर ग्लेनिसला काहीच धड दिसत नाही, तेव्हा तिला हाताला धरून कँटीनमध्ये नेतात. ग्लेनिस मुलीची गाऱ्हाणी सांगते, बाई मुलाची सांगतात. डोळा सुधारणार नाही, फार तर आहे तेवढा टिकेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. व्हॅन अडीचला निघते. ती गेली की बाई थांब्यावर येऊन उभ्या राहतात.