तिसरा फटका

गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, अमेरिकेत हर्नडनजवळ बांधकाम चालू असलेल्या डेटा सेंटरमध्ये फोरमनने माझं कुलूप कापलं आणि मी काम करत असलेल्या पॅनेलमध्ये वीज सोडली. माझा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. त्यानंतर लगेच माझ्या जर्नीमनने फोरमनला कुलूप कापायच्या त्याच बोल्ट कटरने मारलं.

मी वायरमनच्या युनियनच्या अप्रेंटिसशिपच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्याआधी पुण्यात एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. बायकोच्या नोकरीमुळे इथे आलो. जर्नीमन म्हणजे शिक्षण पुरं करून युनियनचं कार्ड मिळवलेला वायरमन. अप्रेंटिस त्याच्या हाताखाली शिकतो. जर्नीमन खोलीत नसेल तर अप्रेंटिसने पॅनेलला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

माझा जर्नीमन पन्नाशीचा होता. मला ‘प्रोफेसर’ म्हणायचा. सुरुवातीला एकदा वीज बंद आहे की नाही हे न तपासता मी वायरीला हात घालणार होतो, तेव्हा त्याने कॉलर धरून मला भिंतीवर आदळलं होतं.

“तू मेलास तर कागद मला भरावे लागतात, प्रोफेसर.”

वीज बंद केली की ब्रेकरवर प्रत्येकाने आपापलं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. त्या सकाळी ब्रेकरवर दोन कुलपं होती, त्याचं आणि माझं. वरच्या मजल्यावर दुसरं काम निघालं, म्हणून त्याने आपलं काढून घेतलं.

“चारच नट राहिलेत. कस आणि वर ये.”

तो गेला. मी कसत राहिलो.

शेजारच्या खोलीतल्या ब्रेकरवर फोरमनला एकच कुलूप दिसलं, अप्रेंटिसचं. अप्रेंटिस एकटा काम करत नाही. तेव्हा हे विसरून राहिलेलं असणार, असं त्याने धरलं. काम मागे पडलं होतं. त्याने हाक मारली नाही.

पांढरा उजेड झाला आणि कानठळ्या बसल्या. ब्रेकर लगेच पडून वीज तुटली, म्हणून मी जिवंत राहिलो. पाना माझ्या हातात नव्हता. तळहाताची कातडी त्याला चिकटून गेली होती. भुवया जळल्याचा वास येत होता.

आवाज ऐकून दोघेही आले, फोरमन आधी. बोल्ट कटर अजून त्याच्या हातात होता.

“ते कुलूप तुझं होतं?” त्याने विचारलं.

जर्नीमनने त्याच्या हातातून कटर हिसकावला. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा कानावर. फोरमन खाली पडला, त्याचं हेल्मेट घरंगळत दारापर्यंत गेलं. तिसरा फटका तो पडलेला असताना डोक्याच्या त्याच बाजूला बसला. मग आवाज ऐकून धावत आलेल्या पाइप फिटरांनी जर्नीमनला खाली दाबून धरलं.

त्याला अटक झाली, जामीन मिळाला. पुढच्या आठवड्यात तो आमच्या अपार्टमेंटच्या दारात उभा होता. माझा हात बँडेजमध्ये होता.

“मी खोलीतच होतो म्हण. आणि तिन्ही फटके तो उभा असतानाच मारले, असंही सांग.”

“तू खोलीत नव्हतास.”

“बावीस वर्षं झाली मला या कामात, प्रोफेसर. कार्ड गेलं तर मी काय करू? कॉम्प्युटर शिकू?”

बायकोने आतून मराठीत विचारलं, “चहा विचारू, की पोलिसांना फोन करू?”

“काय म्हणाली ती?”

“चहा घेणार का, विचारतेय.”

“नको.” त्याने माझ्या बँडेजकडे बोट दाखवलं. “तुझ्यासाठी मारलं मी त्याला.”

तो पायऱ्या उतरून गेला.

युनियनच्या चौकशीत मला विचारण्यात आलं की, वीज आली तेव्हा जर्नीमन कुठे होता. वरच्या मजल्यावर, असं मी सांगितलं. कोर्टात सरकारी वकिलाने विचारलं की, तिसऱ्या फटक्याच्या वेळी फोरमन उभा होता का. नाही, असं मी सांगितलं.

फोरमनला कंपनीने काढलं. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी आता दुसऱ्या जर्नीमनच्या हाताखाली काम करतो. माझी दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. माझ्या आधीच्या जर्नीमनला तुरुंगवासाची शिक्षा झाली. युनियनने त्याचं कार्ड रद्द केलं आहे.