टेकडीचा आकार

निकालाच्या बैठकीत विभागप्रमुखांनी फळ्यावर गुणांच्या आलेखाची गुळगुळीत टेकडी काढली आणि डाव्या उतारावर उभी रेघ मारली. रेघेच्या डावीकडचे नापास.

"पण सर, यंदा सगळ्यांनीच पेपर चांगला लिहिलाय," मी म्हणाले.

"म्हणून तर रेघ पुढे सरकवली. सगळेच पास झाले तर परीक्षेला कोण विचारणार?"

माझं डोकंच फिरलं. झाडावरचे आंबे थोडे लहान, थोडे मोठे आणि बहुतेक मध्यम निघतात, तिथं ही टेकडी शोभते. आम्ही मात्र वर्षभर पायथ्याच्या पोरांना हात धरून वर आणायचं आणि शेवटी टेकडीचा आकार बिघडू नये म्हणून त्यांनाच खाली ढकलायचं. याला म्हणे शास्त्र!

"हीच टेकडी आपल्या शिक्षकांना लावली, तर रेघेच्या डावीकडे कोण येईल, सर?"

सरांनी घाईघाईनं डस्टर उचललं.