अमेरिकेच्या रांगेतले मामा

वर्धा न सोडता वर्षानुवर्षं अमेरिकेत राहिलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या हिचे मामा. ही गोष्ट वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या अख्ख्या बोरगाव मेघेला ठाऊक होती. तरीही एका रविवारी मी त्यांच्या धाकट्या लेकीसाठी, शालूसाठी, स्थळ घेऊन गेलो, आणि तेही मुलाला सोबत घेऊनच. मुलगा तळेगावचा. घरी संत्र्याची बाग, सेवाग्रामच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नोकरी, आणि शालूला तो आवडतो ही बातमी खुद्द मामींनी हिच्या कानात घातलेली. मला वाटलं, मामा माझी पाठ थोपटतील. मामांनी मुलाला बैठकीत पाणी दिलं, मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही माह्या पोरीचं लगन जमवून राह्यले का तिची कॅटेगरी बिघडवून राह्यले?"

मामांचा थोरला मुलगा डॉक्टर होऊन अमेरिकेला गेला होता. तो तिकडचा नागरिक व्हायला बरीच वर्षं लागली. मामा मात्र त्याची गाडी सुटली त्याच दिवशी झाले. जन्मभर तहसील कचेरीत बसून लोकांचे अर्ज 'पुरावा जोडलेला नाही' म्हणून परत करणाऱ्या या माणसाला म्हातारपणी आपल्या तोडीचा अर्ज भेटला होता. मुलगा आईबापांना बोलावणार. आईबाप तिकडे गेले की बाप शालूसाठी अर्ज करणार. बापाच्या अर्जावर मुलीचा नंबर लवकर लागतो, फक्त ती बिनलग्नाची पाहिजे. लग्न झालेल्या बहिणीसाठी भाऊ अर्ज करू शकतो, पण ती रांग मारुतीच्या शेपटासारखी. म्हणून शालू बिनलग्नाची. मामा कोणालाही हे पाचव्या मिनिटाला समजावून सांगत. समोरचा माणूस नात्यानं कोण, आणि तो कायद्यात बसतो की नाही, याचा निकालही तिथंच लागे. शेजारचे मास्तर आशेनं चहा घेऊन आले, तर त्यांना म्हणाले, "मास्तर, तुमचं कठीण आहे. शेजारी कायद्यात बसत नाई." भाचजावई तर अमेरिकेच्या दृष्टीनं जन्मलेलाच नसतो. खोटं कशाला बोलू, मी एकदा चोरून चौकशी केली होती.

जाणारच आहोत म्हणून मामांनी घराला चुना लावणं सोडलं. जाणारच म्हणून कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या नाहीत. मे महिन्यात मामी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन स्वयंपाक करत. थंडीची सवय म्हणून मामा स्वतः लोकरीचा कोट घालून बजाज चौकात भाजी घ्यायला जात, आणि भाजीवाली पोरांना सांगे, "सरका, अमेरिका येऊन राह्यली." झुणका-भाकर काट्या-चमच्यानं खाण्याचा प्रयोगही झाला, भाकर जिंकली. दर हिवाळ्यात 'आता निघतो' अशी हवा उठे, गावभर निरोपाची जेवणं होत, मामा सर्वांकडे पोटभर जेवत, आणि मग कळे की मामांच्या जन्माचा पुरावा सापडत नाही. "मी समोर उभा आहे, हा पुरावा नाई का?" असं ते आपल्याच जुन्या कचेरीत विचारून आले. तिथल्या कारकुनानं अर्ज परत केला. तो कारकून मामांनीच तयार केलेला.

अखेर एका वर्षी तो पुरावाही मिळाला आणि दोघांचा व्हिसा खरंच आला. चार महिन्यांत निघायचं होतं. आम्ही तिघांना जेवायला बोलावलं. शालू तोवर तिशीला टेकली होती. वाढता वाढता तिनं विचारलं, "बाबा, मले तिकडं नेऊन काय करसान?"

"लगन करीन. मोठमोठे डॉक्टर आहेत तिकडं, इंजिनियर आहेत."

"कुठले?"

"आपल्याकडचेच. नागपूरचे, अमरावतीचे."

"मंग मधात समुद्र काऊन पाह्यजे?"

मामी ताटाकडे बघत म्हणाल्या, "तो तळेगाववाला अजून थांबून आहे."

"कायले थांबला?"

"तुमची रांग सराची वाट पाहून राह्यला."

मामा कायदा सांगायच्या आवाजात बोलायला गेले, पण आवाज काही तसा निघाला नाही. "शालू, इथं लगन केलं तर तू भावाच्या रांगेत जाशीन. मी जिता आहो तवर तुहा नंबर लागाचा नाई."

"मले ठाऊक आहे, बाबा. तुम्हीच तं शिकवलं."

मामांनी वरण मागून घेतलं. हात धुताना मला म्हणाले, "जावईबापू, त्या पोराले घेऊन येजा. या वक्ती मी त्याले चहा पाजीन."

लग्न त्याच महिन्यात घरच्या अंगणात झालं. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही सगळे वर्धा स्टेशनवर उभे होतो. आत्तापर्यंतच्या निरोपांनी गाव इतकं थकलं होतं की या खऱ्या निरोपाला आम्ही चार-सहा माणसंच. खिडकीतून मामा जावयाला उगाच सांगत होते, "तिले लिंबाचं लोणचं लागते. रोज लागते." गाडी हलली तसा त्यांनी शालूचा हात सोडला आणि लहान पोरासारखे रडायला लागले. शालू नव्या मंगळसूत्रानिशी फलाटावर कोरड्या डोळ्यांनी उभी होती.

परतताना रिक्षात मी काहीतरी विनोद केला. ही हसली नाही. सेवाग्रामचा रस्ता मागे पडल्यावर म्हणाली, "दिवाळीले शालूले आपल्या इथं आणजा. माहेर गेलं तिचं आज त्या गाडीत."