चावणारी मुलगी

खोडाळ्याजवळच्या आश्रमशाळेत मी शिकवत होते, तेव्हा तिसरीतली एक मुलगी चावायची. त्या वर्षी दिवाळीनंतर तिचे आईबाप तिला पहिल्यांदाच आमच्याकडे ठेवून, धाकट्या भावाला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते. ही जरा डोळा चुकला की एसटीच्या थांब्याकडे पळायची. धरायला जाईल त्याच्या मनगटावर दात उमटायचे. माझ्याही.

मुख्याध्यापकांनी शहरातून एक समुपदेशक बाई बोलावल्या. बाई मलाच विचारू लागल्या. बाप पितो का? घरात मारहाण? पोटाला पुरेसं मिळतं? दरवर्षी गाव सोडतात? मी उत्तरं देत गेले आणि माझं डोकं तापत गेलं. अहो, हीच उत्तरं माझ्या अर्ध्या वर्गाची होती! मग बाकीची पोरं का चावत नव्हती?

"धोका बराच आहे. मोठेपणीही असंच राहू शकतं," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांचा आधीच उल्हास, त्यात हा फाल्गुन मास. "बापाला निरोप धाडा. दाखला देऊन मोकळे होऊ."

दाखला म्हणजे भट्टी. दाखला घेऊन तिकडे गेलेली मुलगी परत शाळेत आलेली मी पाहिली नव्हती.

"पोरीला विचारलंत का कुणी?" मी जवळजवळ ओरडलेच. मग मीच तिला विचारलं, का पळतेस.

"धाकला माज्याच हातचा खातं," ती म्हणाली. "आयस भट्टीवं. त्याला कोन भरवील?"

आई मजुरीला, त्यामुळे तो रांगत होता तेव्हापासून हिच्याच कडेवर. पाड्यावरच्या थोरल्या मुलींचं हे नेहमीचंच काम. इतक्या प्रश्नांत भावाला कोण सांभाळतं हा एक प्रश्न नव्हता, याचा मला आजही संताप येतो.

बाप आला तो पोराला खांद्यावर घेऊनच. पोरगं वाळून गेलेलं. हिने त्याला ओढून कडेवर घेतलं आणि सरळ वर्गात जाऊन बसली. नियम, परवानगी, मुख्याध्यापकांनी सगळं सुरू केलं. मी म्हटलं, "त्याला काढायचं असेल तर तुम्ही काढा. मी हात लावणार नाही." त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि विषय सोडला. बापही दोघांना ठेवून परत गेला.

त्यानंतर ती पळाली नाही. वर्षअखेरीस मुख्याध्यापकांनी सभेत समुपदेशनाचे फायदे सांगितले, ते मी दात आवळून ऐकले.

एकदा जेवताना मी तिला विचारलं, "आता नाही ना चावणार?"

भावाच्या तोंडात घास देत ती म्हणाली, "याला नेला त चावीन."