नाक्यावरचा निकाल

लग्न होऊन लालबागला आले तेव्हापासून बघतेय, आमच्या चाळीच्या गॅलरीतून खालचा नाका सरळ दिसतो, आणि गॅलरीत सासरे बसलेले असतात. मिल बंद पडल्यावर त्यांनी बरीच वर्षं टेम्पो चालवला. खाली दोन गाड्या एकमेकींवर आल्या की त्यांचा निकाल आधीच तयार. निभावणार असेल तर "जमतला", ठोकणार असेल तर "नाय जमूचा". क्वचितच चुकायचे. गाडीकडे नाही, पुढच्या चाकाकडे बघायचं, हे मला त्यांनीच शिकवलं.

मध्यंतरी ते सगळ्यांनाच "जमतला" म्हणायला लागले. आम्हाला वाटलं, वयाने निवळले. जीभ तिखट होती त्यांची, त्यामुळे मला तर बरंच वाटलं.

एका सकाळी भाजीचा टेम्पो वळला आणि समोरून डिलिव्हरीवाल्याची बाईक आली. मला चाक दिसत होतं. सासरे म्हणाले, "जमतला." धाडकन आवाज झाला. नशीब, कोणाला लागलं नाही, पण टोमॅटो रस्ताभर. त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"काय झाला गो?"

त्यांना काही दिसलंच नव्हतं. हाच माणूस रोज एकटा तो नाका ओलांडून पेपर आणायला जात होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्यांना ठाऊक होतं, आमच्यापासून लपवलं होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "आता ह्या वयात काय बघूचा आसा?" नवऱ्याने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. शेवटी मी चिडले.

"बाबा, तुमचं सोडा. उद्या एखाद्या टेम्पोवाल्याच्या चाकाखाली आलात तर त्या बिचाऱ्याने काय करायचं?"

ते म्हणाले, "कधी जावचा?"

दोन्ही डोळे झाल्यावर ते पुन्हा गॅलरीत येऊन बसले. बस, टॅक्सी, उलट्या बाजूने घुसणाऱ्या बाईक, सगळं डोळे फाडून बघत राहिले.

"मी रोज ह्याच्यातसून जाय होतंय?"

मला हसू फुटलं. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरला निघाले तेव्हा मीही खाली उतरले. फुटपाथच्या कडेला ते थांबले. इतक्या वर्षांत सुनेशी चार हात अंतर ठेवून वागलेला माणूस, त्यांनी माझा हात घट्ट धरला. खोटं कशाला सांगू, मला फार छान वाटलं.