बिशपसाहेबांची खुर्ची

आमच्या चर्चच्या दारात मामा उभे असतात. एकतीस वर्षं ते बसमध्ये कंडक्टर होते. मामा निवृत्त झाले, पण त्यांचं "पुढे सरका, पुढे सरका" काही निवृत्त व्हायला तयार नाही. भर प्रार्थनेतही ते नुसत्या हाताच्या खुणेनं माणसं सरकवतात. चौघांच्या बाकावर सहा जण बसवणं हा त्यांच्या हातचा मळ. मी ऑर्गन वाजवते, त्यामुळे हा सगळा तमाशा मला दर रविवारी समोरून दिसतो.

यामागे जुनं दुखणं आहे. शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये पूर्वी बाकांवर घराण्यांची नावं कोरलेली असत. बाकीच्यांनी मागे भिंतीला टेकून उभं राहायचं. माझी आजी, म्हणजे मामांची आई, सातव्या महिन्यात तिथे दीड तास उभी राहिली आणि शेवटच्या गीताला चक्कर येऊन पडली. पोटात मामा होते. पुढच्याच रविवारी उपनगरातल्या सात घरांनी सायकलच्या गोदामात आपली उपासना सुरू केली. नियम एकच: जागेवर कुणाचं नाव नाही, आणि पहिल्यांदा येणारा उभा राहणार नाही. पुढे गोदामाचं चर्च झालं, नियम तोच राहिला.

गेल्या वर्षी बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं. आमची संख्या रोडावली आहे, तेव्हा इथे कुलूप लावून आम्हाला त्याच मोठ्या चर्चमध्ये सामील करावं असा विचार आहे. बिशप स्वतः पाहायला येतील. माझं तर डोकंच फिरलं. आजी त्या दिवशी जेवली नाही. मामा मात्र दुसऱ्या दिवसापासून जुन्या मार्गावरच्या एकेका स्टॉपवर जाऊन उभे राहू लागले. ज्यांची तिकिटं फाडली त्यांना सांगत, "रविवारी या. जागा मी देतो."

आणि लोक आले! बाकांवर सगळे नवखे. आजीसारखे म्हातारे सोडले तर आम्ही नेहमीचे सगळे उभे. बिशपसाठी कमिटीनं पुढे लाल गादीची खुर्ची मांडली होती. ते दारात आले आणि त्यांच्या मागोमाग एक अवघडलेली बाई आली, घामाघूम, पहिल्यांदाच. मामांनी सगळीकडे नजर फिरवली. मग तिला नेऊन सरळ लाल खुर्चीवर बसवलं.

"अहो, ती साहेबांची खुर्ची!" कमिटीचे अध्यक्ष पांढरेफटक पडले.

"इथे कुणाच्या नावाची खुर्ची नसते," मामा म्हणाले आणि बिशपकडे वळले. "साहेब, तुम्ही तर घरचेच. जरा मागे सरका. भिंतीला टेकायला जागा आहे."

संपलं सगळं, मला वाटलं. पण बिशप मुकाट्यानं मागे गेले आणि दीड तास उभे राहिले.

उपासना संपल्यावर शेवटच्या बाकावरून आजीनं विचारलं, "पाय दुखले का हो?"

"दुखले, आजी. मागे उभं राहायची पहिलीच वेळ."

"माझेही दुखले होते," आजी म्हणाली आणि सरकून त्यांना जागा करून दिली. मग तिनं सगळी हकिगत सांगितली. ऐकून बिशपांनी भेटीच्या वहीत लिहिलं: "इथे जागा अपुरी पडते. कुलूप नको. मोठ्या चर्चमधले दहा बाक इकडे पाठवावेत."

बाक आले, कोरलेल्या नावांसकट. मामांनी आठवडाभर रंधा मारून एकूण एक नाव उडवलं. रविवारी पहिल्या बाकावर आजी ऐटीत बसली. मी ऑर्गन असा वाजवला की रस्त्यावरची माणसं दारात थांबली. आजीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती बाकावर पुढे सरकली.