जास्तीची खोली

परवा रविवारी आमच्या मुलुंडच्या सोसायटीची सभा होती. इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार आहे... नव्या घरात स्वतःच्या पैशाने जास्तीची खोली कुणाला हवी आहे, ते त्या दिवशी सांगायचे होते.

बाबांना ती खोली फार वर्षांपासून हवी होती. वन रूम किचनमध्ये जागा नाही, म्हणून माझा दहावीपासूनचा सगळा अभ्यास तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात झाला. शेजारी माझ्यासाठी चपला न वाजवता जात-येत.

आता मला बंगळुरूला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे आणि बाबांची साठवण पुरेल ती दोहोंपैकी एकालाच. खोली किंवा फी... महिनाभर घरात हाच विषय होता. बाबा म्हणत, सगळी फी मीच भरणार. आई गप्प, आणि मी पुस्तकात तोंड खुपसून.

सभेत सेक्रेटरी काकांनी आमचा नंबर पुकारला. बाबा म्हणाले, "आम्हाला नको." इतक्या सहजपणे, जणू ती खोली त्यांना कधी हवीच नव्हती...

तेवढ्यात मागच्या रांगेत आई उभी राहिली. सभेत तिने आजवर कधी तोंड उघडल्याचे मला आठवत नाही.

"भाऊ, खोली लिहा. सगळ्यात लहान असेल ती लिहा. उरेल त्यात निम्मी फी आम्ही भरू, निम्मीचं कर्ज ती काढेल." मग बाबांकडे वळून म्हणाली, "शिकून परत आली, तर पुन्हा जिन्यात बसवणार आहात का तिला?"

सेक्रेटरी काका हळूच म्हणाले, "वहिनी, जिन्यातल्या दिव्याचं बिल अजून लावलं नाही हं आम्ही." लोक हसले. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी सही केली.

परतताना बाबा तिसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबले, माझ्या नेहमीच्या पायरीपाशी. "निम्मं झेपेल ना गं तुला?" मी हो म्हटले... महिनाभरात हे मला कुणी पहिल्यांदाच विचारत होते.

खरे तर कर्जाच्या विचाराने धास्ती वाटायला हवी होती. पण त्या रात्री मी आडवी झाले ती थेट सकाळीच उठले.

अजूनही थकल्यासारखे वाटते आहे... बँकेच्या फेऱ्या तर आता सुरू होतील. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. आईने माझ्या जाण्याची सोय निम्मीच केली. परतण्याची मात्र पूर्ण.